महालक्ष्म्यांना सून आली नाही

यंदा महालक्ष्म्यांसाठी मी इंदूरला एकटाच आलो आणि राजवाड्याजवळच्या आमच्या जुन्या घरात पाऊल ठेवताच आईने मागे कोणी नाही हे पाहूनही विचारले, "सूनबाई कुठे?" लग्नानंतरचा हा पहिलाच सण होता.

मी अमेरिकेचा नागरिक आहे. पत्नी तिथे विद्यार्थी व्हिसावर शिकत होती आणि विवाहानंतर आम्ही तिच्या ग्रीन कार्डासाठी आय-१३० (पती-पत्नीच्या नात्याचा) व आय-४८५ (कायम रहिवासाचा) हे दोन्ही अर्ज दाखल केले. आय-४८५ प्रलंबित असताना 'ॲडव्हान्स पॅरोल', म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी, न घेता देश सोडल्यास तो अर्ज सोडून दिला असे सामान्यतः मानले जाते. नोकरीच्या वैध एच-१ किंवा एल-१ व्हिसावरील अर्जदारांना यात सवलत आहे, विद्यार्थ्यांना नाही. ॲडव्हान्स पॅरोलसाठीचा आय-१३१ अर्ज आम्ही सोबतच दिला होता, पण मंजुरी हाती आली नव्हती. मंजुरी आली असती तरी विमानतळावर प्रवेश द्यायचा की नाही, हा निर्णय अधिकाऱ्याकडेच राहतो.

आजारपणासारख्या तातडीच्या कारणासाठी कागदपत्रे दाखवून लवकर परवानगी मागता येते, हे मी सांगताच काकू म्हणाल्या, "मग मी आजारी पडते!" आई मात्र हसली नाही. तिने सुनेसाठी आणलेली माहेश्वरी साडी ज्येष्ठेच्या मुखवट्याशेजारी ठेवली, आणि परतताना ती माझ्या बॅगेत सर्वांत वर होती.