पंखाखालचा बर्फ

रविवार, ११ जानेवारी. रात्रीचे साडेदहा.

काल सकाळी रात्रपाळी करून घरी आले तर लेक दारातच बसलेली. तिच्या वर्गातली मैत्रीण नाताळच्या सुट्टीत गुलमर्गला जाऊन आली, तेव्हापासून आमच्याकडे बर्फाशिवाय दुसरा विषय नाही. "आई, आपल्याकडे बर्फ का नाही पडत?" बूट काढता काढता मी म्हटलं, "मी तर आत्ताच हात लावून आले."

तिला मी थट्टा करतेय असं वाटलं. पण ते खरंच होतं.

पहाटे साडेतीनला लांब पल्ल्याचं एक विमान उतरलं. चाकांना चॉक, म्हणजे अडसर, लागले, इंजिनं शांत झाली, तशी मी टॉर्च घेऊन तपासणीच्या फेरीला निघाले. पंखाच्या खालच्या अंगाला, इंधनाची टाकी आहे बरोबर तेवढ्याच भागात, पांढरा थर धरला होता. पस्तीस हजार फुटांवर बाहेर साधारण उणे ५४ अंश असतं. तिथे तासन् तास काढल्यावर टाकीतलं इंधन शून्याच्या पार खाली गेलेलं असतं. उतरताना ते संपत आलेलं असतं, उरलंसुरलं तळाशी, म्हणून खालचा पत्रा सगळ्यात गार. त्याला आपली मुंबईची दमट हवा भिडली की वाफेचा थेट बर्फ होतो. अंगावर मी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेला, आणि डोक्यावर हे! हातमोजा काढून क्षणभर बोट टेकवलं. बारीक मिठासारखं खरखरीत लागलं, आणि एक थेंब मनगटापर्यंत ओघळला.

टाकीखालच्या त्या भागात पातळ थर चालतो, बऱ्याच विमानांना ३ मिलिमीटरपर्यंत मुभा असते. वरच्या बाजूला मात्र नाही. पॉलिश पेपरइतका खरखरीत थर पंखावर वरून बसला तर उचल ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि हवेचा अडथळा ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. म्हणून शिडी लावून वर पाहिलं, हात फिरवला. कोरडं होतं. मगच सही केली. इतकी वर्षं हे करतेय, पण घरी कधी सांगावंसं वाटलं नाही. कामाचं काम म्हणून राहून गेलं.

दुपारी झोप काढली. संध्याकाळी लेक परत मागे लागली, "दाखव." तिथे फोटो काढता येत नाही. मग स्टीलच्या पेल्यात बर्फाचा चुरा भरला आणि वरून दोन मुठी जाडं मीठ घातलं. सासूबाई लगेच म्हणाल्या, "अगं, हे तर आइसक्रीमच्या पॉटचं!" त्यांच्या माहेरी लाकडी पॉट होता, हँडल फिरवायला भावंडांच्या पाळ्या लागायच्या. मिठाने बर्फ वितळू लागतो, त्यासाठी लागणारी उष्णता आजूबाजूनेच ओढतो आणि पेला शून्याच्या खाली उतरतो. थोड्याच वेळात पेल्यावर बाहेरून पांढरी लव आली. लेकीने नखाने त्यावर विमान कोरलं. मग कितीतरी वेळ ती काही बोललीच नाही, फक्त बोट लावायची आणि बघायची.

आज सकाळी ऊन चढायच्या आत जुहूला गेलो. ओहोटी होती, ओली वाळू लांबवर मोकळी पडली होती. बाल्साच्या हलक्या लाकडाचं खेळण्यातलं ग्लायडर आधी सारखं नाक वर करून खाली यायचं. नाकाला मातीची गोळी चिकटवली तेव्हा कुठे सरळ जायला लागलं. मग तिचीच कल्पना: पंखावर पॉलिश पेपरची पट्टी लावून बघू. पट्टीने वजनही वाढलं, त्यामुळे प्रयोग काही काटेकोर नव्हता, पण ग्लायडर आधीच्या निम्म्यावर येऊन पडलं. तिने पट्टी काढली, पुन्हा उडवलं. पुन्हा लावली. असं पाच-सहा वेळा.

परतताना तिला जुहूच्या विमानतळाची भिंत दाखवली. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले होते. "एकटेच?" एवढंच तिने विचारलं. हो म्हटल्यावर खिडकीला नाक लावून भिंत संपेपर्यंत पाहत राहिली.

संध्याकाळ तिळाच्या वड्यांत गेली. संक्रांत बुधवारी आहे आणि मी त्या रात्री पाळीवर असेन, म्हणून आजच. पाक नवऱ्याने धरला, चांगला जमला. थापायला मी, कापायला सासूबाई.

मघाशी दिवा मालवताना लेक म्हणाली, "उद्या पंखाला हात लावशील ना?"

"खालून?"

"नाही, वरून. तिथे नको असतो ना तो."