केळशी ते दाभोळ, एप्रिलच्या उन्हात एकटीने चालत

एप्रिलमध्ये कोकणात किनाऱ्याने चालत जाणार, ते पण एकटी, ते पण तंबू पाठीला लावून, असं सांगितल्यावर घरात जे व्हायचं ते झालं, ते सोडा. जाऊन आले, आता दोन मैत्रिणी मे महिन्यात जायचं म्हणतायत म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवते.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. तारीख ठरवताना सुट्टी नका बघू, तिथी बघा. कोकणात कुठल्याही कोळ्याला विचारा, तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते. म्हणजे अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पूर्ण भरती. एकादशी असेल तर सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान, आणि पौर्णिमेनंतर परत एकपासून मोजायचं. अगदी मिनिटाला मिनिट नाही जमत पण चालणाऱ्याला पुरे होतं. आता गंमत बघा, उन्हाळ्यात चालता येतं फक्त पहाटे साडेपाच ते साडेनऊ आणि मग चारनंतर अंधार पडेपर्यंत, आणि चालायला सोपी असते ती ओल्या कडक वाळूची पट्टी, जी ओहोटीलाच उघडी पडते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ओहोटी बरोबर पहाटे आणि संध्याकाळी येते आणि भरती येते भर दुपारी, जेव्हा आपण तसेही सावलीत आडवे असतो. अष्टमीच्या आसपास गेलात तर उलटं, चालायच्या वेळी पाणी वरपर्यंत आलेलं आणि तुम्ही वरच्या भुसभुशीत पुळणीत पाय ओढताय. त्या वाळूत अर्ध्या तासात पोटऱ्या भरून येतात, वर दहा किलोची सॅक. म्हणून मी चैत्र पौर्णिमा धरून निघाले. पौर्णिमा किंवा अमावास्या ते तृतीया-चतुर्थी हा सगळ्यात बेस्ट काळ.

जायचं कसं, तर कोकण रेल्वेने खेडला उतरायचं, तिथून एसटीने दापोली, दापोलीहून केळशीची एसटी. आदल्या दिवशी दापोलीच्या स्टँडवरच टाइम विचारून घ्या, नेटवर दिसणाऱ्या वेळांवर भरवसा ठेवू नका.

केळशीला उतरले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मोबाईल तापमान ३४ दाखवत होता आणि मी मनात म्हटलं हे काय, पुण्यात चाळीस असतं. पण पुण्याचं चाळीस कोरडं असतं हो, तिथे घाम येतो आणि उडून जातो आणि अंग गार होतं. इथे हवेतच इतकी आर्द्रता असते की घाम वाळत नाही, नुसता वाहतो, अंग गार काही होत नाही आणि मीठ मात्र निघून जातं. त्यामुळे आकडा बघून हुरळून जाऊ नका. दिवसाला पाच-सहा लिटर पाणी लागलं मला, त्यातलं चार लिटर कायम पाठीवर.

पाण्याचं सांगते. समुद्राच्या अगदी लगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, त्यामुळे बाटली पुढे करायच्या आधी पाणी गोडं आहे का विचारायचं, लोक खरं सांगतात आणि बरेचदा घरातलं माठातलं आणून देतात. मी ओआरएसची पाकिटं आणि कोकमाच्या आगळाची छोटी बाटली नेली होती. पाकीट एक लिटरचं असेल तर एक लिटरमध्येच पूर्ण घालायचं, अर्धी बाटली आणि अख्खं पाकीट असलं काही करायचं नाही. आगळात मीठ असतंच, थोडी साखर घातली की दुपारी चारला सुद्धा पाणी प्यावंसं वाटतं, नाहीतर नुसतं कोमट पाणी घशाखाली उतरत नाही. आणि एक लक्षात ठेवा, डोकं ठणकायला लागलं, मळमळायला लागलं, किंवा घाम यायचाच थांबला तर पुढचं गाव गाठते वगैरे नाही, तिथेच सावली, ओला पंचा मानेला-काखेत, आणि बरं वाटत नसेल तर सरळ १०८ ला फोन. एकटीने जाताना बाकी कसलीही भीती बाळगण्यापेक्षा ही बाळगा.

केळशीत तंबूसाठी जागा विचारायला किनाऱ्याजवळच्या एका घरात गेले. आजी ओट्यावर सुपारी कातरत बसल्या होत्या. वरपासून खालपर्यंत बघितलं.

"एकटीच गो?"

"हो आजी."

"आणि नवरा?"

"घरी आहे."

"त्याला चालवत नाही वाटतं." मग हाताने दाखवलं, "त्या सुरूत लाव तुझा तंबू. माडाखाली नको हो, नारळ काय विचारून पडत नाही."

हे दुसरं महत्त्वाचं. माडाखाली तंबू नाही म्हणजे नाही, कितीही सावली असू दे. सुरूच्या झाडांचं बन चांगलं, खाली त्यांच्या सुयांसारख्या पानांची गादी असते. पण बन वनखात्याचं असतं, वाडी कोणाची तरी असते, तेव्हा गावात विचारल्याशिवाय कुठेच लावायचा नाही, आणि विचारलं की गावात आपण आहोत हे सगळ्यांना कळतं, एकट्या बाईला याच्यापेक्षा मोठी सेफ्टी नाही. आधारकार्ड जवळ ठेवा, रात्री गस्तीवाले येऊन विचारतात, मला विचारलं, अगदी नीट बोलले. आणि सुरू आता पूर्वीइतका दाट राहिलेला नाही, जून २०२० च्या निसर्ग वादळात या पट्ट्यात सुरू, माड, सुपारी बेसुमार पडलीत, त्यामुळे जुन्या फोटोत दिसणारी सावली जागेवर असेलच असं नाही.

तंबू लावताना भरतीची रेघ बघायची, म्हणजे वाळलेलं शेवाळ, काटक्या, चपला, प्लॅस्टिक यांची जी ओळ असते ती. पौर्णिमेला उधाण असतं आणि दुपारइतकीच मोठी भरती मध्यरात्री पण येते, म्हणून त्या रेघेच्या चांगलं वर, झाडांच्या आत.

झोपेचं मात्र अवघड आहे, खोटं कशाला सांगू. वाळू दिवसभर तापलेली असते ती नऊ-दहापर्यंत खालून भाजते. संध्याकाळी समुद्रावरून खारा वारा असतो तोपर्यंत मस्त, मग तो पडतो, आणि मध्ये दीड-दोन तास पान हलत नाही. तेव्हा तंबू म्हणजे इडलीपात्र. मध्यरात्रीनंतर जमिनीकडून मतलई वारा सुरू होतो, शाळेत शिकलेलं अक्षरशः अंगाला लागतं. म्हणून दोन दारांचाच तंबू न्या, एक दार समुद्राकडे, एक गावाकडे, आणि वरचं कव्हर लावूच नका, फक्त जाळी. पहाटे दव पडतं, थोडं ओलसर होतं, चालतं. स्लीपिंग बॅग घरी ठेवा, एक सुती चादर भरपूर झाली.

दुसऱ्या दिवशी हनुमान जयंती. उजाडताना मारुतीच्या देवळात जन्म झाला, सुंठवडा हातावर पडला आणि तो खाऊनच निघाले. केळशीच्या पुळणीवरून दक्षिणेला गेलं की उटंबरचा डोंगर आडवा येतो, तिथे रस्त्याने चढायचं, नऊच्या आत उरकलं तर त्रास नाही. पुढे आडे, तिथली खाडी पुलावरून पार करायची. ओहोटीला खाडी उथळ दिसते आणि मोह होतो, पण खालच्या चिखलाचा भरवसा नसतो, सॅक घेऊन कुठल्याही खाडीत उतरू नका. मग पाडले, मला पूर्ण वाटेत सगळ्यात आवडलेला किनारा, लांबच लांब, माणूस नाही.

एक बारीक गोष्ट, किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे तासन् तास एकाच दिशेने चाललं की एक पाय कायम खाली. माझा समुद्राकडचा गुडघा दुपारपर्यंत बोलायला लागला. पाण्याच्या अगदी जवळची सपाट पट्टी धरायची, किंवा मध्येमध्ये रस्त्यावर यायचं. बूट नकोत, वाळू शिरते आणि फोड येतात, पट्ट्यांचे सँडल बरे. मांड्या आणि काखा घासतात तिथे सकाळीच खोबरेल तेल. आणि टोपीपेक्षा छत्री! लोक हसले पण डोक्याला वारा लागत राहतो आणि सावली खांद्यापर्यंत येते.

दुपारी आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने चढून गेले आणि मंडपात आडवी झाले. उन्हाळ्यात दुपारसाठी देवळाच्या सभामंडपासारखी जागा नाही, फरशी गार असते, पाणी असतं, कोणी उठवत नाही. फक्त आधी पुजाऱ्यांना विचारायचं आणि ओले कपडे कठड्यावर वाळत घालायचे नाहीत.

आंजर्ल्याच्या पुळणीवर तंबू लावू नका. इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, वेळासला आणि या पट्ट्यातल्या बाकी गावांतही घालतात, आणि पिल्लं बाहेर येण्याचा काळ एप्रिलपर्यंत असतो. पिल्लं उजेडाकडे जातात, आपला हेडटॉर्च समुद्राऐवजी आपल्याकडे बोलावतो त्यांना. शेकोटी तर अजिबात नको (आणि त्या उकाड्यात शेकोटी कोणाला सुचते देव जाणे, पण राख दिसली ठिकठिकाणी). कासवांचं काम बघणारे लोक गावात असतात, त्यांना विचारून सकाळी बघायला मिळालं तर बघा. मी एका घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात तंबू लावला, शेणाने सारवलेली जमीन वाळूपेक्षा कितीतरी लवकर गार होते हे तिथे कळलं. जमेल तिथे खळंच मागा.

पुढे पुलावरून पाजपंढरी, हर्णै. हर्णैला दुपार काढा आणि चारच्या सुमाराला बंदरावर जा. होड्या किनाऱ्याला लागू शकत नाहीत म्हणून बैलगाड्या थेट पाण्यात जातात, बैलांच्या पोटापर्यंत लाटा, गाडीत टोपल्या चढतात आणि वाळूवरच लिलाव. सुरमई, पापलेट, कोळंबीचे ढीग, भोवती बायका, बोली इतकी भराभर की मला एकही आकडा कळला नाही. एक बाई डोक्यावर टोपली घेऊन तरातरा निघाल्या आणि टोपलीतल्या बर्फाचं पाणी त्यांच्या मानेवरून खाली ओघळत होतं, त्या उन्हात मला पहिल्यांदा कोणाचा हेवा वाटला. समोर सुवर्णदुर्ग. मासे खात असाल तर इथे पोटभर जेवून घ्या, सोलकढी दोन वाट्या.

मुरूड आणि कर्दे मी भराभर पार केलं. मुरूड म्हणजे महर्षी कर्व्यांचं गाव, दुर्गादेवीचं देऊळ सुंदर, पण किनाऱ्यावर रिसॉर्ट, वाळूत गाड्या, स्पीकर. वीकेंड असेल तर तिथे मुक्काम नकोच.

लाडघरला परत शांत. तामसतीर्थ म्हणतात त्या भागात वाळू लालसर आहे. इथे गावात विचारून सुरूत लावला. रात्री तंबूच्या जाळीला काहीतरी नाक लावून हुंगतंय म्हणून टॉर्च मारला तर गावातलं कुत्रं, आणि त्याच्या तोंडात माझा डावा सँडल. चांदण्यात किनाराभर त्याच्या मागे पळापळ, त्याला वाटलं खेळच चाललाय. चपला आत घ्या, आणि सकाळी घालायच्या आधी झटका, विंचू असतात.

स्टोव्ह मी नेलाच नव्हता. सातूचं पीठ, लाडू, काकडी, दडपे पोह्यांची तयारी, एक वेळ गावात खानावळ किंवा कोणाच्या घरी सांगून जेवण. आणि आंबे. ऐन हापूसचा सीझन, लोक विकत मागितला तर एक देतात आणि वर दोन फुकट.

लाडघर ते बुरोंडी किनाऱ्याने खडक आहेत, रस्ता धरा. बुरोंडी ते कोळथरे हा सगळ्यात कठीण तुकडा, वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या पठारावर कातळ, सावली शून्य, आठ वाजताच खालून वाफ येते. पाच वाजता निघालात तरच चाला, नाहीतर एसटीला हात दाखवा, काही बिघडत नाही. कोळथऱ्याला कोळेश्वराच्या देवळात दुपार काढली, गर्द झाडी, वाटेतली सगळ्यात गार जागा. तिथून दाभोळ मी एसटीनेच गेले, डांबरी रस्त्यावर उन्हात चालण्यात मला काही अर्थ वाटला नाही.

दाभोळला चंडिकादेवीचं गुहेतलं देऊळ आणि अंडा मशीद बघून घ्या, दोन्ही जवळ आहेत. परत जायला दोन पर्याय, एक दाभोळहून दापोलीची एसटी, दुसरा फेरीबोटीने समोर धोपाव्याला उतरून गुहागरमार्गे चिपळूण, तिथे रेल्वे मिळते. मी दुसरा घेतला. मे महिन्यात जाणार असाल तर परतीचं रिझर्वेशन आधी काढा, चाकरमान्यांची गर्दी असते, जनरलच्या डब्यात सॅक घेऊन शिरणं सड्यावरच्या उन्हापेक्षा वाईट. शेवटच्या फेरीची वेळ धक्क्यावर विचारून मगच देवळाकडे जा.