फॅक्टऱ्या येतील हो, पण माणसं लागणार किती?

अमेरिकेत कारखाने परत आणले की नोकऱ्याही परत येतील, असं तिकडे म्हणतात. तर तिथे पेनसिल्व्हेनियामध्ये बेथलेहेम नावाचं शहर आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या फेमस गोल्डन गेट ब्रिजचं स्टील तिथल्या कंपनीने दिलेलं. १९९५ मध्ये तिथल्या भट्ट्या थंड झाल्या, २००१ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं आणि २००९ मध्ये त्याच जागेवर काय उघडलं माहितीये? कॅसिनो! खनिज उचलायची जी अवाढव्य क्रेन होती तिच्यावरच कॅसिनोचा बोर्ड टांगलाय. गोव्यात मांडवी नदीतून खनिजाच्या बार्जी जाताना बघत मोठ्या झालेल्या आणि आता तिथेच कॅसिनोच्या बोटी बघणाऱ्या माझ्यासारखीने यावर काय बोलावं!

आमचं प्रकरण तसं वेगळं, खाणी कोर्टाने थांबवल्या, २०१२ मध्ये एकदा आणि २०१८ मध्ये परत. तिकडे कोणी थांबवलं नाही, हळूहळू गळत गेलं. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या कारखान्यांत साधारण १ कोटी ९५ लाख लोक कामाला होते. २००० पर्यंत हा आकडा १ कोटी ७० लाखांच्या आसपास टिकून होता, आणि मग पुढच्या दहाच वर्षांत धाडकन १ कोटी १५ लाखांवर. मधे काय झालं तर डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला आणि त्याचा स्वस्त माल तिकडे वाहू लागला. ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या तीन अर्थतज्ज्ञांनी यावर बरंच काम केलंय, 'चायना शॉक' म्हणतात त्याला. त्यातली मला पटलेली गोष्ट अशी की मार सगळ्या देशाला सारखा बसला नाही, फर्निचरवाली, कापडवाली, बुटांची अशी काही ठराविक गावंच त्यात झोपली, आणि पुस्तकात लिहितात तशी माणसं उठून दुसऱ्या गावी गेली नाहीत, तिथेच राहिली. आमच्या खाणपट्ट्यातल्या डिचोली-सांगेच्या माणसाला हे समजवायला अर्थतज्ज्ञ नको, खाण बंद झाली की ट्रकवाला बसतो, मग गॅरेजवाला, मग टायरवाला, मग नाक्यावरचा भाजीपाववाला, आणि ट्रकच्या कर्जाचे हप्ते तेवढे चालू राहतात.

पण सगळं खापर चीनवर फोडलं की सोपं होतं, तिथेच घोळ आहे. १९८० च्या सुरुवातीला अमेरिकेत एक टन स्टील काढायला माणसांचे दहाएक तास लागायचे, आता दोनाच्या आत-बाहेर. भंगार वितळवणाऱ्या विजेच्या भट्ट्या आल्या, जुन्या अगडबंब प्लांटची गरजच राहिली नाही. म्हणजे माल बनतोय, उत्पादनात अमेरिका आजही चीनच्या खालोखाल दुसऱ्या नंबरवर आहे, माणूस मात्र कमी लागतो. मी वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे, आमच्याकडे पूर्वी गोळ्यांच्या स्ट्रिप्स खोक्यात भरायला टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बायका बसायच्या, गप्पा, गाणी, चतुर्थीच्या माटोळीच्या सामानाची यादी, सगळं तिथेच. आता एक मशीन स्ट्रिप ढकलतं, माहितीचा कागद घालतं, खोकं बंद करतं, दुसरं वजन बघतं आणि लाईनवर एक ऑपरेटर आणि एक हेल्पर. चीनने काही केलं नाही हो आमचं.

आणि दुसरं, जुनी फॅक्टरीतली नोकरी चांगली होती म्हणून लोक हळहळतात ना, ती आपोआप चांगली नव्हती. १९३६-३७ च्या थंडीत मिशिगनमधल्या फ्लिंटला जनरल मोटर्सचे कामगार ४४ दिवस मशीनांपाशी बसून राहिले तेव्हा कुठे कंपनीने युनियन मानली, आणि १९५० च्या करारात पेन्शन मिळालं. आज तिकडे खाजगी क्षेत्रात शंभरातले सहाच जण युनियनमध्ये आहेत. मग नवीन फॅक्टरी आली तरी ती जुन्यासारखी नोकरी देईल हे कशावरून? आमच्याही इस्टेटमध्ये नवीन भरती बहुतेक कॉन्ट्रॅक्टवरच, अकरा महिने आणि मग ब्रेक, हे इथल्या कोणालाही विचारा.

परत आणायचे प्रयत्न चाललेत, नाही असं नाही. २०१८ मध्ये बाहेरून येणाऱ्या वॉशिंग मशीनवर टॅरिफ, म्हणजे आयात कर, लावलं, त्यातून साधारण १८०० नोकऱ्या आल्या आणि अभ्यासकांनी हिशोब काढला तर एका नोकरीमागे ग्राहकांचे वर्षाला ८ लाख १५ हजार डॉलर गेले!! विस्कॉन्सिनमध्ये २०१७ मध्ये फॉक्सकॉन ही आयफोन जोडणारी तैवानची कंपनी १३ हजार नोकऱ्या देणार म्हणून गाजावाजा झाला, २०२१ मध्ये करार बदलून आकडा १४५४ वर आला. कॉम्प्युटरच्या चिप्सचं मात्र खरं काहीतरी होतंय, २०२२ च्या कायद्याने ५ हजार कोटी डॉलरच्या वर पैसा ठेवला आणि ॲरिझोनात तैवानच्या टीएसएमसीचा प्लांट चालूही झालाय. पण चिपच्या फॅक्टरीत माणसं किती लागतात? कारखान्यांतल्या कामगारांचा एकूण आकडा अजून सव्वा कोटीच्या आसपासच घुटमळतोय, आणि माझ्या मते तिथेच राहणार.

२०२४ मध्ये केटो इन्स्टिट्यूट या अभ्याससंस्थेने तिकडे सर्व्हे घेतला, ८० टक्के लोक म्हणाले की जास्त लोकांनी कारखान्यात काम केलं तर देशाचं भलं होईल, आणि स्वतः केलं तर माझं भलं होईल म्हणणारे २५ टक्के. आमच्या फोंड्यात घेतला तर याहून गंमत होईल. गोंयकारांना नोकऱ्या द्या म्हणून मोर्चात पुढे असलेले काका स्वतःच्या मुलासाठी एलडीसीची, म्हणजे सरकारी कारकुनाची, पोस्ट शोधत पणजीला खेटे घालतात, नाहीतर पोर्तुगीज पासपोर्ट काढून पोर युरोपात. रात्रपाळीला लाईनवर ओडिशा-झारखंडची मुलं.

सप्टेंबर २०२५ मध्ये तर अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात कमाल झाली, ह्युंदाई आणि एलजीच्या बॅटरी प्लांटच्या बांधकामावर इमिग्रेशनवाल्यांनी धाड घालून ४७५ च्या आसपास लोक पकडले, त्यातले तीनशेच्या वर कोरियन. म्हणजे फॅक्टरी उभी करायला आलेल्यांनाच उचललं. आमच्याकडे नवीन मशीन आलं की बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर बाहेरून येतो, काही आठवडे राहतो, फिश करी राईसवर ताव मारतो, आमच्या पोरांना शिकवतो आणि जातो, त्याला दाबोळी विमानतळावरूनच परत पाठवला असता तर ते मशीन अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलंच असतं.