तिसऱ्या ओळीतील कॉर्नेटवादक

फिलाडेल्फियातील एका अभिलेखागारात मी जुन्या छायाचित्रांची सूची करते. इथल्या डिपार्टमेंट स्टोअरचे मालक रॉडमन वानामेकर यांच्याबद्दल विचारणारे बहुतेक अभ्यासक ऑर्गनसाठी येतात. १९०४ च्या सेंट लुईस जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेला तो महाकाय ऑर्गन मालगाडीच्या १३ डब्यांतून शहरात आणून वानामेकर घराण्याच्या डिपार्टमेंट स्टोअरच्या मधल्या चौकात बसवण्यात आला, २२ जून १९११ रोजी तो प्रथम वाजला आणि रॉडमन यांच्या हौसेने वाढत वाढत त्याच्या नळ्यांची संख्या २८,००० च्या पुढे गेली. याच दुकानात वयाने लहान नोकरांसाठी शाळा होती, त्या शाळेचे बँड होते, आणि कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांच्या ‘रॉबर्ट कर्टिस ऑग्डन असोसिएशन’चा स्वतंत्र बँड होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

एका वृद्ध बाई या शेवटच्या बँडबद्दल विचारायला आल्या. त्यांचे आजोबा दुकानात लिफ्ट चालवत आणि बँडमध्ये कॉर्नेट हे ट्रम्पेटसारखे पितळी वाद्य वाजवत, एवढेच त्यांना आईकडून कळले होते. आमच्या सूचीत एका गुंडाळलेल्या लांबट छायाचित्राची नोंद होती: ‘कर्मचाऱ्यांचे बँड पथक, व्यक्ती अज्ञात, संग्रह रॉडमन वानामेकर’. ते छायाचित्र आजवर कोणी उलगडलेच नव्हते.

असे छायाचित्र हाताने सरळ करायला गेले की चित्र ज्यात असते त्या जिलेटिनच्या थराला आडव्या भेगा पडतात आणि त्या नेमक्या चेहऱ्यांवरून जातात. म्हणून झाकणाच्या मोठ्या डब्यात तळाशी ओला टीपकागद ठेवायचा, त्यावर जाळी आणि जाळीवर गुंडाळी, म्हणजे पाण्याचा स्पर्श न होता नुसता दमटपणा कागदात मुरतो. तो कमी पडला तर कागद अडून राहतो. जास्त झाला तर जिलेटिन चिकट होऊन वरच्या कागदाला धरते. कडेचा कागद बोटाला किंचित लवचीक लागला की तेवढाच भाग उलगडायचा, पुन्हा झाकण लावायचे आणि थांबायचे. घाईच्या माणसाने या कामात पडू नये. संध्याकाळपर्यंत गणवेशातील माणसांच्या तीन ओळी टीपकागदांखाली, वजनाखाली सपाट झाल्या होत्या, आणि एकाही चेहऱ्यावर भेग नव्हती.

छायाचित्र पुरते वाळल्यावर बाई पुन्हा आल्या, त्या आजोबांच्या लग्नाचे छायाचित्र घेऊन. चेहऱ्यांची तुलना करताना आम्ही आधी कान पाहतो, कारण वजन, केस, मिशी हे सगळे बदलते, पण कानाच्या पाळीची ठेवण आणि आतल्या कडांचे वळण बहुधा टिकून राहते. तिसऱ्या ओळीत, डावीकडे, कॉर्नेट छातीशी धरून उभ्या असलेल्या तरुणाचा उजवा कान आणि नवरदेवाचा उजवा कान मी भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवून पाहिले, आणि माझी खात्री पटली. त्याच खोक्यातील एका कार्यक्रमपत्रिकेत कॉर्नेटवादकांच्या यादीत त्यांचे आडनाव आणि नावाचे आद्याक्षरही सापडले.

आमच्या प्रमुखांनी तरीही नाव नोंदीत घालू दिले नाही. आडनाव सर्रास आढळणारे आहे, घरच्यांची साक्ष पक्षपाती असू शकते आणि दोन स्वतंत्र पुरावे हवेत, असे त्यांचे म्हणणे पडले. नियम म्हणून ते चूक नाही. परंतु मालकांच्या मेजवानीच्या छायाचित्रामागे कोणीतरी पेन्सिलीने लिहिलेली नावे आम्ही एकही पुरावा न मागता उतरवून घेत आलो आहोत, आणि लिफ्ट चालवणाऱ्यासाठी मात्र आमचा काटेकोरपणा जागा होतो, हे मला अजिबात मान्य नाही.

रॉडमन यांच्याबद्दल माझे मत अजून ठरत नाही. नोकरी करणाऱ्या माणसाने वाजवावे, गावे, यासाठी त्यांनी मनापासून आणि सढळ हाताने खर्च केला. त्याच काळात मोठ्या दुकानांतील विक्रीच्या काउंटरवर कृष्णवर्णीय माणूस क्वचितच उभा राहू शके. त्याच्या वाट्याला लिफ्ट, ओझी आणि भोजनगृह येई, आणि संगीतातही त्याचा बँड वेगळाच असे. तरी याच ऑग्डन असोसिएशनच्या सहभागाने कृष्णवर्णीय संगीतरचनाकारांसाठी रॉडमन यांच्या नावाची स्पर्धा भरू लागली. १९२८ मध्ये रॉडमन वारले, स्पर्धा मात्र त्यानंतरही चालू राहिली. १९३२ मध्ये फ्लॉरेन्स प्राइस यांच्या ई मायनर सिंफनीला तिथे पहिले, ५०० डॉलरचे पारितोषिक मिळाले आणि पुढच्या वर्षी शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राने ती सादर केली. त्या सादरीकरणावर लिहिणारे रॉडमन यांचे नाव विसरत नाहीत. स्पर्धेमागच्या संघटनेत दिवसभर लिफ्टची कळ फिरवून संध्याकाळी कॉर्नेट हाती घेणारी माणसे होती, ही गोष्ट बहुधा तळटीपेतसुद्धा येत नाही.

सध्या मी ते नाव टिपणाच्या रकान्यात ‘कुटुंबाने दिलेली ओळख, पत्रिकेतील उल्लेखाशी जुळणारी’ अशा शब्दांत लिहिले आहे, आणि त्यावर शोध घेता येईल अशी व्यवस्था करून घेतली आहे. छायाचित्रावर पारदर्शक कागद ठेवून प्रत्येक डोक्याची रेखाकृती काढली आहे आणि तिच्यावर क्रमांक घातले आहेत. ती रेखाकृती शहरातील जुन्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये लावावी, असा माझा अर्ज आहे, कारण नातवंडे तिथे भेटतील. वाचनकक्षात ती येणार नाहीत. प्रमुखांनी अर्जावर अजून सही केलेली नाही. बाई मात्र क्रमांकांची एक प्रत घेऊन स्वतःच्या चर्चमध्ये गेल्यासुद्धा, आणि दुसऱ्या ओळीतील ट्रॉम्बोनवादकाबद्दल एका कुटुंबाचा मला फोन आला आहे.