किल्लीचे घड्याळ

२०१४ साली आलेला 'इंटरस्टेलर' २०२५च्या फेब्रुवारीत पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा मी तो कोथरूडच्या एका थिएटरात पाहिला आणि कृष्णविवर वगैरे बाजूला राहून माझे लक्ष एका मनगटी घड्याळातच अडकले. अंतराळात निघालेला बाप १० वर्षांच्या मुलीच्या हातात घड्याळ ठेवतो आणि ती ते रागाने भिरकावते. माझी तेवढी हिंमत कधी झाली नाही.

माझे वडील मालवाहू जहाजावर होते आणि नऊ-नऊ महिने घरी नसत. जहाजावर सारखे काटे फिरवावे लागतात म्हणून निघताना ते आपले एचएमटी माझ्याकडे देत आणि म्हणत, "इथली वेळ तुझ्यापाशी असू दे." सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत मी रोज सकाळी त्याला किल्ली देत असे, बोटांना किल्ली जड लागली की तिथेच थांबायचे, नाहीतर स्प्रिंग तुटते, हे त्यांनीच शिकवले होते.

चित्रपटातल्या पाण्याच्या ग्रहावर १ तास म्हणजे पृथ्वीवरची ७ वर्षे, त्यामुळे बाप यानात परततो तेव्हा २३ वर्षांचे निरोप साचलेले असतात. ज्यांना पुढे २०१७ साली नोबेल मिळाले ते भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न चित्रपटाचे सल्लागार होते, तेव्हा माझे भांडण भौतिकशास्त्राशी नाही, बापाच्या अशा जाण्याला जो 'त्याग' म्हटला जातो, त्या शब्दाशी आहे. त्याग स्वतःच्या वस्तूचा करायचा असतो. इथे बाप मुलांची वर्षे देऊन टाकतो, आणि तीही त्यांना न विचारता. (आई कथेच्या आधीच वारलेली आहे, हे पटकथेला भलतेच सोयीचे.) मुलांचे सगळे करणारे आजोबा मधल्या काळात जातात, तेही मुलाच्या एका निरोपात उरकते. आमच्या घरी आई होती. रॉकेलच्या रांगेपासून माझ्या गोवरापर्यंत सगळे तिनेच निभावले, आणि तिच्याकडे मात्र कोणी घड्याळ दिले नाही.

वडील परतताना माझ्यासाठी हमखास परदेशी बूट आणत. माप अर्थातच निघतानाचे. दारातच खाली बसून ते मला बूट चढवत, दुकानदारासारखा अंगठ्याने पुढचा भाग दाबून बघत आणि विचारत, "बसतायत ना?" मी आत बोटे दुमडून "हो" म्हणत असे, आणि आई चहाचे आधण ठेवायला आत जात असे.