तांबडी खिडकी

सोमवार, रात्री साडेअकरा

आज माझ्या हातून चालू सर्व्हर बंद पडला. हातून म्हणजे अगदी शब्दशः, कारण डोक्याचा त्यात काहीच सहभाग नव्हता. टेस्टच्या मशीनवरची एक सर्व्हिस थांबवायची होती. कमांड मारली, एंटर दाबलं आणि दुसऱ्या कामाला लागले. दोन मिनिटांत टीममधल्या एकाचा फोन. "तू आत्ता काही केलंस का गं?" त्या 'का गं'मध्येच सगळं कळलं.

सर्व्हिस परत चालू करायला चार मिनिटं लागली. कुणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.

त्या वेळी समोर नऊ टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडक्या, उघडी होती. सगळी काळी, सगळ्यांत तीच पांढरी अक्षरं, तोच फॉन्ट. एकात टेस्ट, एकात प्रॉडक्शन (म्हणजे लोक प्रत्यक्ष वापरतात ती मशीनं, कमांड गेली ती तिथेच), तीन-चारांत माझंच मशीन, बाकीची कधी आणि कशाला उघडली ते आठवत नाही. प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या ओळीच्या सुरुवातीला, मशीनचं नाव असतं हे खरं. पण दारावरची पाटी घरातलं माणूस कुठे वाचतं?

मंगळवार

गेली कित्येक वर्षं सिस्टिमबरोबर जे टर्मिनल येतं तेच वापरत आले. टर्मिनल बदलणं हा मला नेहमी फावल्या वेळातला शौक वाटायचा. आज मात्र संध्याकाळी बसले आणि किटी नावाचं टर्मिनल टाकलं. ई-पुस्तकांचं कॅलिबर हे सॉफ्टवेअर ज्यांनी लिहिलं त्या कोविद गोयल यांचंच हे काम. अक्षरं रंगवायचं काम ते ग्राफिक्स कार्डावर सोपवतं, त्यामुळे लॉग, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदींचा मजकूर, धो धो वाहत असला तरी खिडकी अडखळत नाही, एवढं ऐकून होते.

सिस्टिमच्या भांडारातली आवृत्ती बरीच जुनी निघाली. म्हणून त्यांचीच इन्स्टॉलची स्क्रिप्ट घेतली. नेटवरून आलेली स्क्रिप्ट तशीच्या तशी शेलच्या, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हवाली करायची पद्धत मला पटत नाही. कालच्या प्रकारानंतर तर नाहीच नाही. आधी उतरवून घेतली, वाचली, मग चालवली. सगळं काही माझ्याच होम फोल्डरात एका जागी बसतं, रूटचा, म्हणजे मशीनवर सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्डसुद्धा लागत नाही. नको झालं तर तो फोल्डर उडवला की संपलं. नुसतं नाव टाइप करून चालू व्हावं म्हणून दोन सिमलिंक, म्हणजे मूळ फाइलकडे बोट दाखवणाऱ्या खुणा, हाताने कराव्या लागल्या, एक किटीची आणि एक त्याच्या जोडीला येणाऱ्या किटनची.

उघडलं तर काय, आणखी एक काळी खिडकी! दहावी. ना मेनू, ना सेटिंगचं चाक. सगळं काही एका टेक्स्ट फाइलमध्ये. कंट्रोल-शिफ्ट-एफ-दोन दाबलं की ती फाइल उघडते, कंट्रोल-शिफ्ट-एफ-पाच दाबलं की केलेला बदल लागू होतो. फाइल लांबच लांब आहे, पण त्यातलं बहुतेक समजावून सांगणारंच. निवांत वाचावी अशी.

प्रत्येक शॉर्टकटला कंट्रोलबरोबर शिफ्टही दाबायचं, हे आधी बोटांच्या जिवावर आलं. पण त्याला इलाज नाही. टर्मिनलमध्ये नुसत्या कंट्रोलची सगळी अक्षरं आधीच वाटली गेली आहेत. कंट्रोल-सी म्हणजे चालू प्रोग्रॅम थांबव. म्हणून कॉपीला कंट्रोल-शिफ्ट-सी. कंट्रोल-एस म्हणजे स्क्रीनवर येणारा मजकूर रोखून धर, आणि कंट्रोल-क्यू म्हणजे सोड. नोकरीच्या पहिल्या वर्षी सेव्ह करायच्या सवयीने मी कंट्रोल-एस दाबायचे, टर्मिनल मेल्यासारखं व्हायचं, आणि मी खिडकीच बंद करून नवी उघडायचे. कंट्रोल-क्यूचं मला कुणी सांगितलं तोवर वर्ष उलटलं होतं.

बुधवार

आज काम शून्य. रंग निवडले.

किटीबरोबर छोटे छोटे प्रोग्रॅम येतात, त्यांना ते किटन म्हणतात. मांजरीची पिल्लं. एका पिल्लाकडे शेकडो रंगसंगती आहेत आणि बाण खाली-वर केला की प्रत्येक लगेच समोर दिसते. दोन तास कसे गेले कळलं नाही. शेवटी जी निवडली ती आधीसारखीच, काळ्यावर पांढरी. आणखी एक पिल्लू टर्मिनलमध्येच फोटो दाखवतं. दुपारी एक आलेख तसा पाहिला, छान वाटलं. कर्सर उडी मारताना त्याच्यामागे शेपटी ओढल्यासारखी दिसते तीही लावून पाहिली. दहा मिनिटांत डोळे दुखले, काढून टाकली.

खिडकीच्या आतच खिडक्या करता येतात, हे मात्र उपयोगाचं. कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबलं की त्याच चौकटीत नवा भाग, कंट्रोल-शिफ्ट-एल दाबत राहिलं की मांडणी बदलते, उभी, आडवी, जाळीसारखी, किंवा एकावर एक रचलेली. नऊ खिडक्यांची एक झाली. पण काळी ती काळीच.

गुरुवार

आज टेस्टच्या सर्व्हरवर गेले आणि स्क्रीन साफ करायची कमांड मारली. उत्तर आलं की टर्मिनलचा हा प्रकार ओळखीचा नाही. एडिटर उघडला तर तोही कुरकुरला.

ह्या शब्दाचा मी इतकी वर्षं कधी विचारच केला नव्हता. टर्मिनल एम्युलेटर. म्हणजे टर्मिनलची नक्कल करणारा. खरं टर्मिनल हे यंत्र होतं, स्क्रीन आणि कीबोर्ड एकत्र, पलीकडे वायरने जोडलेला मोठा संगणक. डेक कंपनीचं व्हीटी१०० हे १९७८ सालचं. त्यावर ८० रकाने आणि २४ ओळी मावायच्या. आजही कितीतरी टर्मिनल उघडताना ८० बाय २४ मापाची उघडतात, ती तिथून. त्याही आधी कागदावर छापणारे टेलिटाइप होते, आणि लिनक्समध्ये 'टीटीवाय' हे नाव अजून चालतं ते त्यांचंच. एक्सटर्म हा टर्मिनलचा प्रोग्रॅम १९८४ चा, तोही नक्कलच. आणि माझं परवा टाकलेलं, ग्राफिक्स कार्डावर धावणारं किटी हेही त्याच वंशातलं. प्रोग्रॅमला अजून वाटतं की पलीकडे यंत्र आहे. अक्षर लाल कर, कर्सर वरच्या ओळीत ने, असं काही सांगायचं असेल तर तो मजकुरातच एस्केपच्या खुणेने सुरू होणारी सांकेतिक अक्षरं मिसळून पाठवतो.

कुठल्या यंत्राला कुठली खूण कळते याची वही प्रत्येक मशीनवर असते, तिला टर्मइन्फो म्हणतात. किटी स्वतःचं नाव 'एक्सटर्म-किटी' असं सांगतं. सर्व्हरवरच्या जुन्या वहीत हे नाव नव्हतं. पाहुणा आला पण यादीत नाव नाही, तशातली गत. काही जण 'मी साधा एक्सटर्म आहे' असं खोटं सांगायला लावतात. चालतं, पण काही गोष्टी मग मध्येच बिनसतात आणि का बिनसल्या ते कळत नाही. खरा उपाय किटीतच होता. एसएसएचसाठी, म्हणजे दूरच्या मशीनवर शिरायच्या कमांडसाठी, त्यांचं एक पिल्लू आहे, ते जोडणी करतानाच वहीतलं ते पान सर्व्हरवर घेऊन जातं.

ते पिल्लू कसं चालतं हे वाचत असताना एका ओळीपाशी थांबले. कुठल्या मशीनवर गेल्यावर कुठली रंगसंगती लावायची ते सांगता येतं! मशीनच्या नावाचा नमुना द्यायचा, त्याखाली रंगसंगतीचं नाव लिहायचं.

बुधवारचे दोन तास वसूल. प्रॉडक्शनच्या सगळ्या मशीनांना गडद तांबडी पार्श्वभूमी दिली. फार भडक नाही, वाळलेल्या रक्तासारखी. एसएसएच केलं आणि खिडकी तांबडी झाली. बाहेर पडले, परत काळी. चार-पाच वेळा उगाचच आत-बाहेर केलं.

शुक्रवार

फसले. सवयीने नेहमीचंच एसएसएच टाइप केलं, पिल्लाला न बोलावता. गेले प्रॉडक्शनवर आणि खिडकी काळीच. हे पूर्वीपेक्षा वाईट झालं की! आधी निदान कुठल्याच खिडकीवर भरवसा नव्हता. आता काळी म्हणजे बिनधोक असं मन धरून चाललं होतं.

म्हणून एलियस, म्हणजे कमांडचं टोपणनाव, केला. एसएसएच म्हटलं की पिल्लूच उठेल. त्यातही एक खोच आहे. आधी एका मधल्या सर्व्हरवर जाऊन तिथून पुढे उडी मारली तर त्या दुसऱ्या उडीची माझ्या मशीनला खबरच नसते, आणि रंग पहिल्याचाच राहतो. मग मधली उडी एसएसएचच्या स्वतःच्याच कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, लिहून टाकली. आता नाव घेते ते थेट शेवटच्या मशीनचं, मधला टप्पा पडद्याआड. अर्धा दिवस गेला यात.

शनिवार

घरच्या मशीनवर माझ्या टिपणांच्या फाइलींची नावं मराठीत आहेत. नव्या टर्मिनलमध्ये यादी काढली तर अक्षरं बारीक आणि विजोड. किटीला मुख्य फॉन्टमध्ये देवनागरी सापडली नाही, म्हणून त्याने कुठून तरी दुसरा फॉन्ट उचलला. कॉन्फिगमध्ये युनिकोडच्या ठरावीक पट्ट्याला ठरावीक फॉन्ट जोडता येतो. देवनागरीचा मुख्य पट्टा १२८ जागांचा, त्याला नोटो फॉन्टची देवनागरी जोडली. वाचता येऊ लागलं.

पण टर्मिनल म्हणजे बुद्धिबळाचा पट. प्रत्येक अक्षराला एक घर, चिनी-जपानी अक्षरांना दोन. आता 'स्त्री' घ्या. डोळ्यांना एकच अक्षर. युनिकोडच्या हिशेबाने सहा चिन्हं: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. त्याला घरं किती द्यायची? टर्मिनल एक आकडा धरतं, शेल दुसरा, एडिटर तिसरा. तिघांचं जमलं तर ठीक, नाहीतर कर्सर दिसतो एका ठिकाणी आणि असतो दुसरीकडेच. आज एका फाइलचं नाव बदलताना बॅकस्पेस मारला तर पुढचं अक्षर अर्धं राहिल्यासारखं दिसलं. प्रत्यक्षात पुसलं बरोबर गेलं होतं, फक्त दिसत नव्हतं. किटीला दोष देऊन उपयोग नाही. ज्यांची नक्कल चालली आहे त्या यंत्रांना जोडाक्षर म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं.

नावं मराठीतच ठेवली. पहिली दोन अक्षरं टाइप करून टॅब दाबायचा, पुढचं शेल भरतो.

मंगळवार, आठवड्यानंतर

आठवडाभरात हाताशी काय राहिलं? कंट्रोल-शिफ्ट-जी. शेवटच्या कमांडने जे काही ओकलं तेवढंच वेगळं उघडतं, शोधता येतं. बिल्ड, म्हणजे कोडमधून प्रोग्रॅम बनवणं, फसलं की पहिली चूक सर्वांत वर असते आणि तिच्याखाली तिच्यामुळे आलेल्या शंभर. पूर्वी मी उंदराचं चाक फिरवत बसायचे. आता कळ दाबते, वरून वाचते. कंट्रोल-शिफ्ट-झेडने आधीच्या प्रॉम्प्टवर उडी जाते, तेही बोटांत बसलं. कंट्रोल-शिफ्ट-ई दाबलं की स्क्रीनवरच्या प्रत्येक लिंकवर खुणेचा आकडा उमटतो, तो दाबला की लिंक उघडते. फोटो दाखवणारं पिल्लू बुधवारनंतर उठवलेलं नाही.

टीमक्स, म्हणजे एका टर्मिनलचे अनेक भाग करणारा आणि जोडणी तुटली तरी कामं चालू ठेवणारा प्रोग्रॅम, सोडता येईल असं मनात होतं. माझ्या मशीनवर सुटलं. सर्व्हरवर नाही सुटणार. नेट गेलं तर तिथली चालू कामं धरून ठेवायला तिथलंच कुणीतरी हवं, इथली खिडकी कितीही गुणी असली तरी ते तिच्या हातात नाही.

दुपारी स्क्रीन शेअर केली होती. सोमवारी फोन करणाराच समोर होता. "हे काय, तुझा मॉनिटर बिघडलाय का? लाल दिसतोय."

"प्रॉडक्शन आहे."

थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला पाठव ती फाइल."

संध्याकाळी तीच सर्व्हिस परत थांबवायची वेळ आली. कमांड टाइप केली, बोट एंटरवर गेलं आणि लक्षात आलं की अक्षरांमागे तांबडं आहे. पोटात गोळा आला. कंट्रोल-यू मारून ओळ पुसली. प्रॉम्प्टमधलं नाव वाचलं, अक्षर न् अक्षर. मग कामाचं तिकीट उघडून त्यातलं नाव वाचलं. दोन्ही एकच. या वेळी प्रॉडक्शनवरचीच थांबवायची होती.

कंट्रोल-वायने पुसलेली ओळ परत आणली आणि एंटर दाबलं.