राउंडअबाउटपाशी डावीकडे

दुबईत आम्हाला पत्ता असा कधी नव्हताच. घर होतं, करामा नावाच्या वस्तीत, दुसऱ्या मजल्यावर, खाली लाँड्री आणि मल्याळी किराणा. पण पाकिटावर लिहिला की पत्र थेट दारात येऊन पडेल, असा पत्ता नव्हता. पोस्टमन घरोघरी फिरतच नसे. पत्र यायचं ते यांच्या कंपनीच्या पोस्ट बॉक्समध्ये, तिथून ऑफिसबॉयच्या हाती, मग यांच्या ब्रीफकेसमध्ये, आणि ब्रीफकेस उघडायची आठवण झालीच तर माझ्यापर्यंत. आईने धाडलेला संक्रांतीचा हलवा एकदा होळीच्या सुमारास हाती आला.

मग पाहुणे घरी पोचायचे ते खुणेने. क्लॉक टॉवर, मक्तूम पूल, लॅम्सी प्लाझा हा मॉल. आणि चुकलाच कोणी, तर ट्रेड सेंटर. 39 मजल्यांची ती इमारत 1979 साली उभी राहिली तेव्हा ओसाडात होती म्हणे. शंभर दिरहमच्या नोटेवर तिचं चित्र आलं. आता आजूबाजूच्या काचेच्या गर्दीत ती शोधावी लागते.

सगळ्यात लाडकी खूण डिफेन्स राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक. शेजारी लष्कराची छावणी, म्हणून ते नाव. आज तिथे राउंडअबाउट नाही आणि डिफेन्सही नाही. तिथे मॉल आहे, आणि 828 मीटर उंचीचा बुर्ज. बांधकाम चालू होतं तेवढी वर्षं आम्ही त्याला बुर्ज दुबई म्हणत होतो. 4 जानेवारी 2010 ला उद्घाटनाच्या रात्रीच तो बुर्ज खलिफा झाला. एवढी उंच खूण समोर असूनही जुना माणूस अजून ‘डिफेन्सला वळा’ असंच सांगतो.

रस्त्यांचं तर विचारूच नका. 2013 मध्ये एमिरेट्स रोडला शेख मोहम्मद बिन झायेद रोड हे नाव दिलं, आणि रिकामं झालेलं जुनं नाव त्याच्या पलीकडच्या बायपासला. थोरल्याचा सदरा धाकट्याला चढवावा तसं. त्या वर्षी जेवायला बोलावलेले किती लोक भलत्याच रस्त्याने शारजाच्या दिशेला गेले असतील, कोण जाणे! मेट्रो आली तेव्हा वाटलं, चला, निदान स्टेशनं तरी जागची हलणार नाहीत. हलली नाहीतच, पण नावं विकली जायला लागली. नूर इस्लामिक बँक, मग नूर बँक, मग अल सफा, मग ऑनपॅसिव्ह: हे सगळं एकच स्टेशन. राशिदियाचं सेंटरपॉइंट झालं, ते मी अजून मनावर घेतलेलं नाही.

मला खरी चुटपुट लागली ती बर दुबईच्या देवळाची. खाडीवर अब्रातून, म्हणजे लाकडी होडीतून, उतरायचं (अजूनही एका दिरहममध्ये खाडी ओलांडता येते), कापडबाजारातून मशिदीच्या मागच्या अंगाला यायचं, की एक चिंचोळी गल्ली. दोन्ही बाजूंना मोगऱ्याचे गजरे, नारळ, कुंकवाच्या पुड्या, देवांच्या तसबिरी; दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचं. गणपतीच्या दिवसांत दूर्वांची जुडी घ्यायला यावं तर अर्धी मंडळी ओळखीची निघायची. ‘देवळाच्या गल्लीत भेटू’ एवढं पुरे व्हायचं. 1958 पासूनचं ते देऊळ जानेवारी 2024 मध्ये बंद झालं. जेबेल अलीचं नवं मंदिर प्रशस्त आहे, पार्किंग आहे, कोणाला अंग चोरावं लागत नाही. पाया पडून दहा मिनिटांत बाहेर. गल्लीत तास जायचा.

हे सगळं मी एकदा यांच्या ऑफिसातल्या एका वयस्कर लोकल, म्हणजे मूळच्या दुबईच्याच, गृहस्थांपाशी बोलून बसले. त्यांचा जन्म जुमेराच्या किनाऱ्यावर, खजुरीच्या झावळ्यांच्या घरात झालेला. लहानपणी खिशात रुपये असायचे, खरेखुरे भारतीय. 1959 पासून तर रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी काढलेल्या वेगळ्या नोटा. 1966 मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं तेव्हा दुबईने तो सोडला, आणि त्याच वर्षी समुद्रात तेल सापडलं. तेही बेताचंच. ते संपणार हे धरूनच बंदर आणि विमान कंपनी उभी केली, असं ते सांगत होते. मी म्हटलं, ‘जुन्याची आठवण येत नाही?’ हसले. म्हणाले, ‘तुम्ही ऑगस्टमध्ये एक रात्र पंख्याशिवाय त्या झावळ्यांत झोपा, मग सकाळी बोलू.’

त्यांचं बरोबर आहे. आठवणी काढतो ते आम्ही. त्यांचं गाव बदललं तरी गाव त्यांचंच राहणार. आमचा सगळा मुक्काम व्हिसाच्या मुदतीचा. 2019 पासून लांब मुदतीचा गोल्डन व्हिसा निघाला, तरी मुदत ती मुदतच. साठीला पुण्याला परतायचं हे आल्या दिवसापासून ठरलेलं. म्हणून मग आम्ही पाडलेल्या इमारतींची नावं धरून बसतो.

आता दारावर मकानीची पाटी आहे. दहा आकडी नंबर, फोनमध्ये घातला की थेट दारात आणून सोडतो. मला तो पाठ नाही. जेवण घेऊन येणारी पोरं मात्र हातात नकाशा असूनही खालून फोन करतात, ‘मॅडम, पास में क्या है?’ मी सांगते, लॅम्सीच्या पुढे. लॅम्सी 2017 च्या आगीनंतर बंदच पडला, आणि पोरगा दुबईत आलाय गेल्या वर्षी. मग मीच चपला घालून खाली उतरते.